जपानी ‘का’, आपला ‘का’ आणि आणखी कुठले कुठले ‘का’

ओसरी:

यंदा मार्चमध्ये आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे तोक्योला आली होती. वय ७१. सगळं आयुष्य वाईत गेलेलं. मराठी आणि बाजारापुरती हिंदी, एवढीच भाषांची शिदोरी. आम्ही निशिकासाईला राहतो. इथे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, पण आमच्या मजल्यावर मात्र सगळे जपानीच.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी दारात आल्या. हातातल्या पिशवीत दोन लांबलचक मुळे. आईकडे बघून त्या काहीतरी बोलल्या. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत आई मला म्हणते, “अगं, त्या काहीतरी विचारतायत.” मी म्हटलं, “तुला कसं कळलं?” तर म्हणाली, “शेवटी ‘का’ म्हणाल्या की.”

मी इथे नऊ वर्षं आहे. त्याआधी पुण्यात दोन वर्षं जपानीचे वर्ग केले, परीक्षा दिल्या. वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो, मराठीसारखाच, हे पहिल्या दिवशी वहीत लिहून घेतलं होतं आणि नंतर त्याकडे कधी वळून पाहिलं नाही. आईने ते नुसतं ऐकलं आणि तिला एका परक्या भाषेत उभं राहायला जागा मिळाली. त्या दिवसापासून हा ‘का’ माझ्या डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना जपानी येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘कोरे वा होन देस’ म्हणजे ‘हे पुस्तक आहे’. ‘कोरे वा होन देस का’ म्हणजे ‘हे पुस्तक आहे का’. क्रियापद शेवटी, त्याच्याही मागे ‘का’. शब्दांची रांग जशीच्या तशी. आदरार्थी लिहिताना अशा वाक्यापुढे प्रश्नचिन्ह द्यायचीही गरज नसते, ‘का’ पुरेसा असतो. कुणी काही सांगितलं की जपानी माणूस आवाज खाली उतरवत म्हणतो, ‘सो देस का’. हे अगदी आपलं ‘असं का!’. उत्तर नको असतं, ऐकलंय एवढं कळवायचं असतं. पुढे पुढे बागेतल्या बाकावर शेजारच्या आजी ‘सो देस का’ म्हणायच्या आणि आई ‘असं का’ म्हणायची. दोघी तास तास बसत.

आणखी एक. ‘ओच्या का कोही’ म्हणजे ‘चहा किंवा कॉफी’. आमच्या घरात आम्ही ‘चहा का कॉफी?’ असंच विचारतो. म्हणजे प्रश्नाचा ‘का’ जुळतो आणि विकल्पाचा ‘का’सुद्धा!

पण जपानीत ‘का’ म्हणजे डासही. डासांच्या उदबत्तीला ‘कातोरी सेन्को’ म्हणतात. का म्हणजे डास, तोरी म्हणजे पकडणं, सेन्को म्हणजे उदबत्ती. ती वेटोळ्याची कॉइल जपानमध्येच १९०२ साली बाजारात आली. शिवाय ‘का’ म्हणजे अग्नीही: ‘कासेई’ हा मंगळ ग्रह आणि ‘कायोबी’ हा मंगळवार. ही अक्षरं चिनी लिपीत वेगवेगळी दिसतात, कानाला मात्र सगळी एकच.

तुम्हाला येणाऱ्या, तुमच्या घरातल्या किंवा नोकरीच्या गावच्या भाषेत ‘का’ काय करतो? नुसता कोशातला अर्थ नको. तुम्ही तो कुठे ऐकलात, तेही लिहा.

पाटीपेन्सिल:

मी अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. बँकेतले, दवाखान्यातले, लग्न करून इकडे आलेले. त्यांना सगळ्यात जास्त रडवतो तो हाच एकाक्षरी शब्द.

‘का येतोस?’ आणि ‘येतोस का?’ यात शब्द तेच, जागा फक्त बदलली. पहिल्यात कारण विचारलंय, आणि सूर चुकला तर माणूस दारातूनच परत जाईल. दुसरं आमंत्रण आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने सासऱ्यांना प्रेमाने विचारलं, ‘बाबा, का जेवता?’ तिला ‘जेवता का’ म्हणायचं होतं. सासरे समजूतदार, त्यांनी तिला जागा बदलून दाखवली.

मग ‘पाणी देता का?’ हा प्रश्न नसून विनंती आहे, हे शिकवायचं. मग ‘हो का!’. मग ‘येऊ का?’, आणि हे समजावताना माझी खरी कसोटी लागते, कारण मराठी माणूस ते निघताना विचारतो. जाणारा ‘येऊ का?’ म्हणतो आणि घरातले ‘या’ म्हणतात. ‘जाऊ का’ म्हणायचं नाही, हे त्यांना सांगताना मला दर वेळी थोडं भरून येतं.

आणि ‘एकदा का पाऊस लागला की रस्ता बंद’ यातला ‘का’? तो ना कारण विचारतो, ना प्रश्न करतो. तो काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं, पण त्यातला ठामपणा जातो. ‘का कू न करता’ यातल्या ‘का’चा अर्थ तर मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. तो कुरकुरीचा आवाजच आहे, असं सांगते.

झाडीपट्टी:

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं, सासर पुण्यात. आमच्याकडे ‘का’ म्हणजे ‘काय’. ‘का झालं?’, ‘का म्हणते?’, ‘का करून रायली?’ असंच आम्ही बोलतो.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई पहाटे उठून पुरण वाटत होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, “आई, का करून रायल्या?” मला विचारायचं होतं की काय करताय, मी मदत करू. त्यांना ऐकू आलं, ‘कशाला करताय?’ त्या दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी नवऱ्याने उलगडा केला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून रडलोच. आता सासूबाई फोनवर माझ्या आईला मुद्दाम विचारतात, “का म्हणता विहीणबाई?”

आमच्या गावाहून पूर्वेला गेलं की छत्तीसगडीतही ‘का’ म्हणजे काय. भोजपुरीतही ‘का हाल बा?’. म्हणजे या ‘का’ची हद्द पुण्याच्या ‘का’पेक्षा मोठी आहे. आमचं बोलणं अशुद्ध म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ:

ओसरीताई, लेख फार आवडला. मला तर वाटतं हा योगायोग नाहीच. बौद्ध धर्म भारतातून चीन, कोरियामार्गे जपानला गेला, त्याबरोबर संस्कृत गेली. संस्कृतात ‘कः, का, किम्’ आहेच. तोच ‘का’ जपानीत रुजला असणार. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, इतकं सगळं सारखं कसं असेल?

मूळाक्षर:

गोदाकाठ, तुमच्यासारखंच मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. भाषाविज्ञान शिकायला लागल्यावर मत बदलावं लागलं, त्याची कारणं सांगतो.

एक भाषा दुसरीकडून शब्द उचलते तेव्हा आधी वस्तूंची, विधींची, देवांची नावं उचलते. वाक्याच्या शेपटाला लागणारे असले चिमुकले अव्यय सहसा प्रवास करत नाहीत. शिवाय संस्कृतातला ‘का’ वाक्याच्या शेवटी बसून हो-नाहीचा प्रश्न करतच नाही. तो स्त्रीलिंगी सर्वनाम आहे, ‘कोण ती’. ‘का ते कान्ता’ म्हणजे ‘तुझी पत्नी कोण’. जपानीतला प्रश्नार्थक ‘का’ आठव्या शतकातल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहातही आहे आणि तिथे तो अस्सल जपानी व्याकरणाचा भाग म्हणून वावरतो. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा तर जगात ढीगभर आहेत: तमिळ, तुर्की, कोरियन, बास्क.

खरं नातं बघायचं तर लाटव्हियाकडे बघा. लाटव्हियन भाषेत ‘का’ म्हणजे ‘कसा, कसं’. ‘का इएत?’ म्हणजे ‘कसं चाललंय?’. शेजारच्या लिथुआनियनमध्ये ‘कस’ म्हणजे ‘कोण, काय’, थेट संस्कृत ‘कः’सारखा. ही मंडळी आपली रक्ताची नातेवाईक आहेत. कोण, काय, कधी, कुठे, का या सगळ्यांतला ‘क’, लॅटिनमधल्या ‘क्विस’चा ‘क’ आणि फारसीतला ‘के’ एकाच मुळाचे. इंग्रजीत त्याच ध्वनीचा ‘ह्’ झाला, म्हणून ‘हू’ आणि ‘व्हॉट’. आज त्यांच्यात ‘क’ ऐकू येत नाही, तरी नातं पक्कं आहे. आणि जपानी ‘का’ हुबेहूब आपल्यासारखा, तरी नातं नाही. सारखं दिसणं आणि नात्यातलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या एका अक्षराने शिकवलं.

पण तुमचा बौद्ध धर्माचा धागा वाया जात नाही. जपानी अक्षरमालेचा क्रम बघा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आधी स्वर, मग ‘क’ची ओळ, मग आपल्या चवर्गाच्या जागी ‘स’, मग त, न, प-म, य, र, व. (त्यांचा ‘ह’ जुन्या काळी ‘प’ होता, म्हणून तो ‘म’च्या आधी येतो.) सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या भिक्षूंमुळे हा क्रम आला. अकराव्या शतकापासून तो तिथे सापडतो. त्यांचा ‘का’ आपल्याकडून गेला नाही, पण तो रांगेत दुसरा उभा आहे ते आपल्या वर्णमालेमुळे.

गोदाकाठ:

हे वाचून माझं म्हणणं मागे घेतो. क्रमाची गोष्ट मात्र आज नातवाला सांगितली. त्याने लगेच क, च, ट, त, प म्हणून दाखवलं आणि विचारलं, “मग त्यांनी ट का वगळला?” मी म्हटलं, त्यांच्या बोलण्यात आपला ट नाही म्हणून. बरोबर सांगितलं ना?

मूळाक्षर:

अगदी बरोबर.

ओसरी:

सिद्धम्‌वरून आठवलं. इथल्या दफनभूमीत थडग्यांच्या मागे उंच लाकडी फळ्या उभ्या करतात. त्यावर सिद्धम् अक्षरं रंगवलेली असतात, पंचमहाभूतांची बीजाक्षरं. जपानी उच्चार करतात ‘क्या, का, रा, बा, आ’. यातली शेवटची तीन मला लगेच ओळखता आली: र अग्नीचा, व पाण्याचा, अ पृथ्वीचा. पण वायूचं ‘का’ काही केल्या लागेना. नंतर कळलं की ते आपलं ‘ह’ आहे! त्या काळी जपानीत ‘ह’ नव्हताच, त्यामुळे भिक्षूंनी तो ‘क’सारखा उच्चारला आणि तसाच राहिला. रस्त्याच्या कडेला लाल टोपडी घातलेल्या जिझोच्या मूर्ती असतात, लहान मुलांचा सांभाळ करणारा बोधिसत्त्व. त्याचंही बीजाक्षर हेच, लिहिलेलं ‘ह’, म्हटलेलं ‘का’. आईला मी तो ‘ह’ दगडावर दाखवला. तिने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, आपल्यासारखाच आहे, जरा वाकडा.

पोथीघर:

‘चहा का कॉफी’तल्या ‘का’बद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. हा ‘का’ घरगुती वाटतो, पण ज्ञानेश्वरीत तो पावलोपावली आहे. तिथे ‘कां’ म्हणजे ‘किंवा’, ‘अथवा जसं’. तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माऊली म्हणतात, ‘कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका’. केसर दुखावेल या भीतीने भुंगा कमळावर जसा अलगद पाय ठेवतो, तसा तो पुरुष भूमीवर चालतो. एक दृष्टांत संपला की ‘कां’ म्हणून पुढचा उघडायचा. लहानपणी वडील पोथी वाचायचे तेव्हा हा ‘कां’ मला दाराच्या कडीसारखा वाटायचा. वाजला की नवीन खोली उघडणार.

त्यावरचा अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेला. उच्चार होत नव्हता, तेव्हा जाणं रास्तच होतं. तरी जुन्या पत्रांत ‘कां बरें?’ असं दिसलं की मी क्षणभर थांबतो.

वडोदरेकर:

आमच्या चार पिढ्या वडोदऱ्यात. घरात मराठी, बाहेर गुजराती. गुजरातीत ‘कां तो’ म्हणजे ‘एकतर’: ‘कां तो तू जा, कां तो हुं जाउं’. आणि नुसतं ‘कां?’ म्हणजे ‘का?’. पोथीघर यांनी सांगितलेला ‘किंवा’चा ‘कां’ आणि हा ‘कां’ एकाच घरातले वाटतात. अनुस्वार आमच्याकडे अजून शाबूत आहे.

अर्घ्य:

संस्कृतातल्या ‘क’ची एक गोष्ट इथे यायलाच हवी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भसूक्त आहे. त्याचं पालुपद ‘कस्मै देवाय हविषा विधेम’. कोणत्या देवाला आम्ही हवी अर्पण करावा? ऋचेमागून ऋचा हाच प्रश्न. शेवटच्या ऋचेत प्रजापतीचं नाव येतं. पुढे ब्राह्मणग्रंथांनी काय केलं, तर ‘क’ हेच प्रजापतीचं नाव मानलं. ज्या शब्दाने देवाबद्दल विचारलं तोच शब्द देवाचं नाव झाला. मला याहून सुंदर काही माहीत नाही.

याशिवाय ‘क’ म्हणजे पाणी, म्हणून कमळ ‘कंज’. ‘क’ म्हणजे डोकं, म्हणून ते धरणारी मान ‘कंधरा’. ‘क’ म्हणजे सुख: छांदोग्य उपनिषदात उपकोसल नावाच्या शिष्याला अग्नी सांगतात, ‘प्राणो ब्रह्म, कं ब्रह्म, खं ब्रह्म’. त्यावर तो म्हणतो, प्राण कळला, पण ‘क’ आणि ‘ख’ मला कळत नाहीत. आपण इथे जे विचारतोय तेच तो विचारत होता.

आणि ‘कापुरुष’मधला ‘का’ वेगळाच. तो ‘कु’चा झालेला ‘का’, म्हणजे वाईट. पाणिनीने त्यासाठी नियम सांगून ठेवलाय.

कावेरीकाठ:

मी चेन्नईची, तंजावरी मराठी घरातली. आमचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग आले ते इथलेच झाले. घरात आमची मराठी, शाळेत तमिळ.

तमिळमध्ये एका अक्षराचे शब्द हा व्याकरणाचा मानाचा विषय आहे. तेराव्या शतकातल्या ‘नन्नूल’ या व्याकरणात असे ४२ शब्द मोजले आहेत. शाळेत आम्ही ते म्हणून दाखवायचो: पू म्हणजे फूल, ती म्हणजे आग, कै म्हणजे हात, ना म्हणजे जीभ, नी म्हणजे तू, वा म्हणजे ये, पो म्हणजे जा. त्यात ‘का’ आहे. का म्हणजे राखणं, सांभाळणं, आणि का म्हणजे उपवन, राई. तिरुचिरापल्लीजवळ तिरुवानैक्का नावाचं शिवस्थान आहे, पंचमहाभूतांपैकी जलतत्त्वाचं लिंग तिथे आहे. नाव फोडलं तर तिरु म्हणजे पवित्र, आनै म्हणजे हत्ती, का म्हणजे राई. हत्तीची राई. कावेरीच्या नावातही लोक हाच ‘का’ पाहतात, जिथे पसरते तिथे राया फुलवणारी. ही लोकांची व्युत्पत्ती आहे, मी ती शास्त्र म्हणून सांगत नाही. पण आजी नदीला नमस्कार करताना हेच सांगायची.

घरात आजी मराठीत ‘का गं?’ म्हणायची आणि अंगणात कावळा दिसला की तमिळमध्ये ‘काक्का’. माझ्यासाठी हे सगळे ‘का’ एकाच आवाजातले आहेत.

एक गंमतीचा योग: त्या ४२ शब्दांत ‘मा’ही आहे. मा म्हणजे आंबा, आणि मा म्हणजे घोडा. चिनी भाषेतही एका सुरातला ‘मा’ म्हणजे घोडाच.

टेकडीपलीकडे:

बँकेच्या बदलीवर तीन वर्षं शिलाँगला होतो. खासी भाषेत ‘का’ वाक्याच्या शेवटी नाही, नामाच्या पुढे येतो. तो स्त्रीलिंगाची खूण आहे. पुरुषाला ‘उ’, स्त्रीला ‘का’, अनेकांना ‘की’. इंग्रजांशी लढलेल्या राजाचं नाव तिथे ‘उ तिरोत सिंग’ असं घेतात. खासीत सूर्य स्त्रीलिंगी, ‘का स्ङी’, आणि चंद्र पुल्लिंगी, ‘उ ब्नाइ’. त्यांच्या कथेत सूर्य ही बहीण आणि चंद्र हा भाऊ. आमच्या शाखेत खातेदारांची यादी वाचताना कुणाच्या नावाआधी ‘का’ आहे यावरून बाई की पुरुष हे मला कळायचं, त्यापलीकडे खासी मला फारशी आली नाही.

तिथे घर धाकट्या मुलीकडे जातं. तिला ‘का खद्दुह’ म्हणतात. आमच्या घरमालकीणबाई अशाच धाकट्या. त्यांच्या तोंडी ‘का’ इतका सतत यायचा की सुरुवातीला मला वाटायचं, ह्या मला सारख्या ‘का, का’ का विचारतायत.

वाळूचं घड्याळ:

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण माझ्याकडेही एक ‘का’ आहे.

वडील गेले तेव्हा दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत उभे होतो. दीड तास. दूर झाडावर ‘का, का’ ऐकू येत होतं, खाली कुणी येत नव्हतं. शेवटी धाकट्या काकांनी हात जोडून मोठ्याने सांगितलं, आईची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. मग आला.

पुढच्या वर्षी कामासाठी कैरोला गेलो होतो. तिथल्या संग्रहालयात होर राजाचा लाकडी पुतळा आहे, १८९४ साली दहशूरला सापडलेला. त्याच्या डोक्यावर दोन हात कोपरात वळून वर उभे आहेत. वाटाड्याने सांगितलं, हा ‘का’. प्राचीन इजिप्तमध्ये माणसाच्या जीवनशक्तीला ‘का’ म्हणत. ख्नूम हा देव कुंभाराच्या चाकावर माणूस घडवतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा ‘का’. माणूस मेला तरी ‘का’ला भूक असते. म्हणून थडग्यात भाकरी, मद्य, मांस ठेवायचं आणि ‘अमक्याच्या का-साठी’ असं म्हणायचं.

मी तिथेच बसलो. नातं नाही, हे मला मूळाक्षर यांनी सांगण्याआधीही ठाऊक होतं. इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीतच नसत. आपण ‘का’ म्हणतो ती अभ्यासकांची सोय आहे, ते खरं कसं म्हणत ते कानांनी ऐकलेलं कुणी नाही. पण गेलेल्या माणसाला जेवू घालायचं आणि तो जेवला की नाही याची वाट बघायची, हे मला ओळखीचं होतं.

आणखी एक सांगतो. प्राचीन इजिप्तची राजधानी मेम्फिस, तिथल्या प्ताह देवाच्या देवळाचं नाव ‘प्ताहच्या का-चं घर’ असं होतं. त्याच नावाचं ग्रीकांच्या तोंडी ‘ऐगुप्तोस’ झालं आणि त्यातून ‘इजिप्त’. देशाच्या नावातच तो ‘का’ बसलाय.

पाटीपेन्सिल:

वाळूचं घड्याळ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

दर्यावर्दी:

पंचवीस वर्षं बोटीवर होतो. मोंबासाला सामान उतरवताना शिकलेलं स्वाहिली: ‘अलिकुजा, अकाकेती, अकाला’. तो आला, मग बसला, मग जेवला. मधला ‘का’ म्हणजे ‘मग’. आपण ‘येऊन, बसून, जेवला’ म्हणतो तशी गोष्ट पुढे ढकलायचं काम तिथे हा करतो. गोष्ट सांगणारा म्हातारा हमाल रंगात आला की ‘का, का, का’ अशी लड लागायची आणि आम्ही माना डोलवायचो.

न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा हाका, म्हणजे सामन्याआधीचा तो आवेशाचा नाच, सगळ्यांनी पाहिला असेल. ‘का माते, का माते, का ओरा, का ओरा’. साधारण १८२०च्या सुमाराचा, ‘ते रौपराहा’ नावाच्या माओरी सरदाराचा. हे मरण, हे मरण, हे जीवन, हे जीवन. तिथे ‘का’ क्रियापदाच्या आधी येऊन ‘आता हे घडतंय’ असं सांगतो. वेलिंग्टनच्या धक्क्यावरचा माओरी मुकादम रोज निघताना म्हणायचा, ‘का किते’, म्हणजे ‘भेटू’. हवाईत मात्र ‘का’ हा ‘तो, ती, ते’ असा निर्देश करणारा शब्द. ‘का ला’ म्हणजे सूर्य.

उंबरठा:

सगळं मन लावून वाचलं. एक शंका विचारते, वाईट वाटून घेऊ नका. एवढे सगळे योगायोगच असतील तर ते गोळा करून हाती काय लागतं? ‘क’ सगळीकडे आहे, ‘आ’ सगळीकडे आहे, मग ‘का’ सगळीकडे असणारच.

मूळाक्षर:

शंका योग्य आहे, आणि तिच्यातच निम्मं उत्तर आहे. जवळजवळ प्रत्येक भाषेत ‘क’ आहे, ‘आ’ आहे. सतत लागणारी कामं, म्हणजे विचारणं, दाखवणं, जोडणं, ही प्रत्येक भाषा आखूड शब्दांवर सोपवते. आखूड शब्द मुळात मोजकेच होतात. हवाईयनमध्ये व्यंजनं फक्त ८. तेव्हा कामं आणि अक्षरं यांच्या जोड्या कुठे ना कुठे जुळणारच. ‘प्रश्न’ आणि ‘किंवा’ एकाच शब्दात येणंही फार दुर्मीळ नाही, कारण ‘येतोस का’ यात ‘का नाही’ दडलेलंच असतं.

पण हाती लागतं ते हे, की जुळणी दिसली म्हणून थांबायचं नाही, मागे जाऊन बघायचं. दर्यावर्दींचा हवाईयन ‘का’ घ्या. हवाईयनचा ‘क’ मुळात ‘त’ होता. माओरीत ‘तापु’, हवाईयनमध्ये ‘कापु’, निषिद्ध या अर्थाने. म्हणजे हवाईचा ‘का’ आणि माओरीचा ‘का’ या सख्ख्या बहिणींच्या भाषांतले शब्द, तरी ते एकमेकांचे कुणी नाहीत. किंवा ‘मामा’ घ्या. आपल्याकडे आईचा भाऊ, कितीतरी भाषांत आई, आणि जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे वडील, आई म्हणजे ‘देदा’. तिथे कारण वेगळं आहे: तान्ह्या बाळाला ओठ मिटून उघडले की जमणारा आवाज ‘मा’, आणि प्रत्येक घराने तो आपल्याला हव्या त्या माणसाला लावला. प्रत्येक जुळणीची कहाणी निराळी निघते.

झाडीपट्टी:

उंबरठाताई, माझ्या हाती काय लागलं सांगते. तुमच्या शंकेनंतर मी हा सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. इजिप्तचा पुतळा आणि खासींचा सूर्य त्यांना आवडला. मग त्यांनी मला विचारलं, चंद्रपूरला ‘का’ म्हणजे काय, तर मग ‘का?’ विचारायचं असेल तर काय म्हणता? मी म्हटलं, ‘काहून’. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

उंबरठा:

हे उत्तर मला पुरलं.

ओसरी:

सगळ्यांचे आभार. मी वहीत उतरवून घेतेय, या वेळी विसरण्यासाठी नाही.

आई जूनमध्ये परत गेली. निघायच्या दिवशी शेजारच्या आजी खाली टॅक्सीपर्यंत आल्या होत्या. आई सवयीने त्यांना म्हणाली, “येऊ का?” त्यांनी ‘हाइ, हाइ’ म्हणून तिचे दोन्ही हात धरले. पाटीपेन्सिल, तुमची पोस्ट वाचताना मला हेच दिसत होतं.

काल संध्याकाळी आजी दारात आल्या, आईची चौकशी करायला. मी तिथेच आईला व्हिडिओ कॉल लावला. आजी म्हणाल्या, “ओगेंकी देस का?” म्हणजे ‘बऱ्या आहात का?’. आई म्हणाली, “हो, हो, बरी आहे. तुम्ही जेवलात का?” आजींनी मोबाईलकडे वाकून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, “हाइ.” जेवणाचं विचारलं होतं, हे मी त्यांना नंतर सांगितलं.